खांद्यावर हात पडेपर्यंत

माझ्या नणंदेला तिच्या जिममध्ये सगळे गोचीड म्हणतात. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी चिडलेच. घरची मुलगी आहे, तिला असलं नाव? पण ती स्वतः खूश. "वहिनी, एकदा कुणाच्या पाठीवर चढले की मी उतरत नाही, म्हणून म्हणतात. कौतुक आहे ते." असेल बाई. तसे गुण नाव पडायच्या आधीपासूनच होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत होती आणि तिच्या हातातला टीव्हीचा रिमोट काढून घेणं बाप-लेकांना मिळूनही जमायचं नाही.

ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात काम करते. तळघरात खिडकी नाही, मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं. ओल्या चादरींचे पिळे मशीनमधून ओढून काढायचे, ढकलगाडीत भरायचे, वाळवणीच्या खोलीत न्यायचे, मग तापलेल्या रोलरखालून निघाल्या की दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या. ओली चादर किती जड असते हे हॉटेलात झोपणाऱ्याला काय माहीत! तिचं मनगट माझ्या नवऱ्याच्या मनगटापेक्षा जाड झालंय, आणि हे ती त्याला जेवताना मनगट शेजारी ठेवून दाखवते. तो बिचारा हात ताटाखाली घेतो.

काम संपलं की जिम. फर्निचरच्या गोदामावरचा मजला, निळ्या गाद्या, फाटलेल्या कडांना चिकटपट्टी, आणि घामाचा असा वास की पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावूनच उभी होते. तिचे कोच जुने पैलवान. कान सुजून सुजून कायमचे मिटलेले. दिवसा ते गाडी चालवायला शिकवतात. तिथे लोकांना सारखं आरशात बघायला सांगतात, आणि इथे भिंतीवर एकही आरसा लावू देत नाहीत. म्हणतात, स्वतःकडे बघणारा मार खातो.

हा खेळ पिंजऱ्यात चालतो. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, हात पिरगाळणं, सगळं चालतं. आधी हौशी लढती खेळायच्या. त्यात नडगीला पट्टे, छोट्या फेऱ्या, आणि हातात पडतं ते फक्त पदक. जिंकत राहायचं. मग एखाद्या लढतीला तो माणूस येतो, ज्याच्या हातात व्यावसायिक लढतींच्या जोड्या लावणं असतं. त्याच्या नजरेत भरलात तर दार उघडलं. नाहीतर पुन्हा चादरी. "जोड्या लावणारा माणूस येणार आहे," असं गोचीड एकदा घरी म्हणाली, तर सासूबाई उठून बसल्या आणि मुलगा काय करतो म्हणून विचारू लागल्या. आम्ही हसून हसून बेजार.

सासूबाई तिची लढत कधी बघत नसत. घरीच बसायच्या, आणि ती परत आली की चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवायच्या. मग एकच प्रश्न. "संपलं ना आता?" ती म्हणायची, "नाही गं आई." त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. प्रत्येक वेळी हेच.

तर तो माणूस आला तो तिच्या सहाव्या लढतीला. आधीच्या पाचही जिंकलेल्या. शाळेच्या व्यायामशाळेत रविवारी दुपारी स्पर्धा होती. घड्याळाचा पट्टा सैल करून तो पहिल्या रांगेत बसला, माझ्या शेजारी दोन खुर्च्या सोडून. मी सरळ ताठ बसले, जणू माझीच परीक्षा आहे.

गोचीड दुसऱ्या फेरीत समोरच्या मुलीच्या पाठीवर चढली आणि मागून गळ्याभोवती हात टाकला. झालं, मी मनात म्हटलं. त्या मुलीने गोचिडीच्या हातावर दोनदा थोपटलं. थोपटणं म्हणजे हार मानली, सोड. आणि गोचिडीने सोडलं.

पण पंच दुसऱ्या बाजूला होता. त्याला थोपटलेलं दिसलंच नाही. त्याने खेळा अशी खूण केली. ती मुलगी क्षणभर बावरली, मग उठली, आणि आमची उभी राहून पंचाकडे बघतेय तोवर तिच्या तोंडावर दोन ठोसे बसले. शेवटी गुणांवर हरली. एक मुलगी हार मानून जिंकली आणि आमची जिंकून हरली. त्या बावळट पंचाला मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नवरा मला हाताला धरून बाहेर घेऊन गेला.

घरी येताना मी तिच्यावरही तोंड सोडलं. "गोचीड म्हणवतेस ना? मग सोडलंस कशाला?"

"तिने थांब म्हटलं, वहिनी."

"पंचाने म्हटलं होतं का?"

ती ओठाला बर्फ लावून खिडकीबाहेर बघत राहिली. मला कळत होतं की चूक तिची नाही, सवयीची आहे. जिममध्ये एक नियम सगळ्यांच्या वर: जोडीदाराने थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं. सोडलं नाही तर उद्या तुमच्याबरोबर सराव करायला कुणी उभं राहणार नाही. इतकी वर्षं, रोज संध्याकाळी, थोपटलं की सोड, थोपटलं की सोड. ते हातात मुरलं होतं. लढतीत मात्र पंच खांद्याला हात लावेपर्यंत धरून ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं केलंस सोडलंस. कुणाची तरी मुलगी ती." मग नेहमीचं, "संपलं ना आता?" या वेळी गोचीड काहीच बोलली नाही, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली की खरंच संपतंय की काय.

कोच दुसऱ्या आठवड्यात घरी आले. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुमचं एक काम आहे. पंच व्हाल का?"

मी शाळेच्या बसवर मदतनीस आहे. बसभर मुलांना सीटवर बसवून ठेवते, आणि माझा आवाज ड्रायव्हरला हॉर्नपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कोचचं म्हणणं होतं की सरावात जिममधल्या कुणाला पंच केलं तर गोचीड त्याचं ऐकणार नाही, त्याच्या आधीच सोडेल. "तुम्हाला ती घाबरते." घाबरते कसली! पण मी गेले.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ. मी गादीभोवती फिरायचे, मुद्दाम उलट्या बाजूला जाऊन उभी राहायचे. जोडीदार थोपटायचा आणि ही पटकन सोडायची. "धर!" मी ओरडायचे. पुन्हा धरायची, पुन्हा सोडायची. जोडीदार तर तिला घाबरायला लागले. एकदा तिने खरंच धरून ठेवलं, मी खांद्याला हात लावला तेव्हा सोडलं, आणि तो पोरगा खोकत बाजूला झाला. ती गादीवरून उठून पायऱ्यांवर जाऊन बसली.

मी मागोमाग गेले. ती रडत होती. मला वाटलं दमली असेल.

"मला नाही जमणार. कुणी थांब म्हणत असताना मी आवळत राहायचं? आईला काय सांगू?"

मी तिच्या शेजारी बसले. कोच खालून वर येत होते. ते दोन पायऱ्या खाली थांबले. "आवळायला कोण सांगतंय? ब्रेक दाबलास म्हणजे गाडीतून उडी मारायची असते का? धर, तिथेच थांब, आणि आवाज दे. पंचाचे डोळे तिथे नसतील तर तुझ्या तोंडाला काय झालंय?"

म्हणजे ना सोडायचं, ना आवळायचं. आहे तिथे हात गोठवायचा आणि ओरडून सांगायचं. ऐकायला सोपं आहे. करायला फार दिवस लागले. आवाज तर तिच्या तोंडातून फुटेना. चादरींच्या मशीनपाशी दिवसभर ओरडणारी मुलगी गादीवर मांजरासारखी बोलायची. मी तिला बसवर नेलं, म्हटलं, मागच्या सीटवरच्या टोळीला खाली बसव. दोन फेऱ्यांत आवाज आला.

आणि मग त्या जोड्या लावणाऱ्याचा फोन आला. एका मुलीचा हात सरावात मोडला होता, तिच्या जागी पुढच्या शनिवारी कुणीतरी हवं होतं. व्यावसायिक लढत. समोरची आधीच दोन जिंकलेली. बरेचसे असेच आत शिरतात म्हणे, कुणाची तरी जागा रिकामी होते आणि तुम्ही तयार असता. कोचनी फोन स्पीकरवर ठेवला होता. मला राहवलं नाही. "पण ती तर हरली होती तुमच्यासमोर!"

"हरली नव्हती," तो म्हणाला. "थोपटलेलं मला दिसलं होतं."

"दिसलं होतं तर तेव्हा तोंड उघडायचं होतं!"

कोचनी डोळे मिटले. पलीकडे तो हसला. "निकाल पंचाचा असतो, बाई. माझं काम लक्षात ठेवायचं. पण एक आताच सांगतो, या वेळीही सोडलं तर पुन्हा मी बोलावू शकणार नाही." मला राग आला खरा, पण निदान तोंडावर बोलला.

लढत ठरावीक वजनगटाची, त्यासाठी वजन उतरवायचं होतं. मीठ बंद, मग पाणीही मोजकं. बाकीचे खेळाडू पैसे मोजून वाफेच्या खोलीत बसतात. आमची धुलाईघरातल्या वाळवणीच्या खोलीत दोन स्वेटर घालून चादरी टांगत राहिली, म्हणजे पगार घेऊन घाम गाळला. मुकादम बाई दर थोड्या वेळाने दार उघडून बघायच्या, जिवंत आहे ना म्हणून. वजनकाट्यावर उभी राहिली तेव्हा गाल आत गेलेले, पण काटा बरोबर जागेवर. काट्यावरून उतरल्या उतरल्या तिने पाण्याची बाटली अशी तोंडाला लावली की मलाच तहान लागली.

शनिवारी मी बर्फाची पिशवी घेऊन कोचच्या मागे कोपऱ्यात उभी. पहिली फेरी वाईट गेली. ती मुलगी उंच होती, लांबून मारायची. आमच्या गोचिडीचा ओठ फुटला. फेरी संपल्यावर मी ओठाला बर्फ लावला, कोच फक्त म्हणाले, "जवळ जा. चादर ओढतेस तशी ओढ."

दुसऱ्या फेरीत तिने तेच केलं. कमरेला मिठी, खाली पाडलं, पाठीवर चढली. जाळीच्या अगदी कडेला, आमच्या समोर. हात गळ्याखाली गेला. आणि त्या मुलीचा डावा हात जाळीकडच्या बाजूला गोचिडीच्या मांडीवर पडला. एकदा, दोनदा. पंच पलीकडे, पुन्हा पलीकडे! मी ओरडणार तोच कोचनी माझी बाही धरली. कोपऱ्यातून निकाल सांगता येत नाही.

मला तिची बोटं दिसत होती. सैल होतायत असं वाटलं. सोडू नकोस गं, सोडू नकोस. मग बोटं जिथे होती तिथेच थांबली, घट्टही नाही, सैलही नाही. तिने मान वर केली आणि तो आवाज आला, मागच्या सीटवरच्या टोळीला बसवणारा.

"पंच! हात बघा तिचा! थांब म्हणतेय ती!"

पंच धावत वळसा घालून आला, वाकला, हात बघितला आणि गोचिडीच्या खांद्याला हात लावला. त्याच क्षणी तिने सोडलं. उठून नाचली बिचली नाही. त्या मुलीचा श्वास परत येईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून गुडघ्यांवर बसून राहिली. मी मात्र बर्फाची पिशवी कुठे फेकली ते मला अजून माहीत नाही. कोच म्हणतात, त्यांच्या पायावर.

जोड्या लावणारा बाहेर भेटला. दोन महिन्यांनी आणखी एक आहे, येणार का, असं त्याने विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी कोचकडे, कोच स्वतःच्या पायाकडे. "येणार," ती म्हणाली.

घरी पोचलो तर सासूबाई दारातच. नेहमीसारखा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. ओठाला लागलेले टाके बघितले.

"आणि तिला?"

"तिला काही नाही, आई. थांब म्हणाली, थांबले. पंच येईपर्यंत धरून होते, पण आवळलं नाही. स्वतःच्या पायांनी चालत गेली ती."

"नक्की?"

"मी होते ना तिथे," मी म्हटलं.

सासूबाईंनी हात खाली घेतले. मी नेहमीचा प्रश्न येईल म्हणून वाट बघत होते, गोचीडही बघत होती. त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या, अर्ध्यात थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "पुढची कधी आहे?"