रजिस्टरातली खाडाखोड

“मॅडम, तुम्हीच सांगा, दोघांत खोटं कोण?”

प्लांट मॅनेजर देवल साहेबांनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक माझ्या प्रोग्रॅमने छापलेला कागद, दुसरं ऑपरेटर म्हात्रेंचं हाताने लिहिलेलं रजिस्टर. दुपारी तीनचं टेंपरेचर, रिॲक्टर नंबर दोन. रिॲक्टर म्हणजे रसायन शिजवायचं मोठं बंद पातेलं. रजिस्टरात अठ्ठ्याहत्तर, माझ्या प्रिंटवर शहाण्णव.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. डोंबिवली एमआयडीसीतली फॅक्टरी. मी ठाण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतून तिथे जायचे. वय सव्वीस आणि नाक वर.

“साहेब, कॉम्प्युटर मोजतो. अंदाजपंचे लिहीत नाही,” मी म्हणाले.

म्हात्रे दाराशी उभे होते. शेजारच्याच गावचे, चाळिशीचे. चार वर्षं टेंपररी. त्याच महिन्यात पर्मनंटच्या यादीत त्यांचं नाव जाणार होतं.

“मॅडम, यो तीन नंबरचा टेंपरेचर हाय, दोनचा नाय. मी डोल्यांनी बघून लिवलाय.”

मी चक्क हसले. “अहो म्हात्रे, पत्ते आहेत का ते, याचे त्याच्या हातात जायला?”

देवल साहेबही हसले. मग त्यांनी म्हात्रेंना अठ्ठ्याहत्तर खोडून शहाण्णव लिहायला लावलं, शेजारी सही घेतली आणि यादीतून नाव काढलं. खोटी नोंद करणाऱ्याला पर्मनंट कसं करायचं? म्हात्रेंनी मान खाली घालून लिहिलं. मी तिथेच बसून चहा संपवला.

आता माझी हुशारी ऐका. प्रोग्रॅम सी भाषेत होता. प्रोसेसरच्या जवळची भाषा म्हणजे असेंब्ली; लिहायला किचकट, पण चालायला झटपट. सीच्या मधेच असेंब्लीच्या चार ओळी घुसवता येतात, त्याला इनलाइन असेंब्ली म्हणतात. टेंपरेचर मोजणारं कार्ड सारखं प्रोसेसरला हाक मारायचं, ‘हातातलं सोड, माझा आकडा घे.’ या हाकेला इंटरप्ट म्हणतात. ती सांभाळायची तयार सोय सीमध्ये होती. मला ती सावकाश वाटली. म्हणून मी ते काम असेंब्लीत लिहिलं आणि ऑफिसभर मिरवलं.

प्रोसेसर काम करतो त्या जागांनाही रजिस्टरच म्हणतात, काय करणार! ओट्यावरच्या वाट्यांसारखी ती मोजकी असतात. कुणाच्या स्वयंपाकात मधेच घुसून तिची वाटी घेतलीत, तर आतलं बाजूला काढायचं आणि निघताना परत भरून ठेवायचं. हा पहिला धडा. मी तीन वाट्या घेतल्या, दोनच परत भरल्या. तिसरीचं नाव एसआय. कोणत्या रिॲक्टरची ओळ छापायची, तो नंबर सीने तिच्यातच ठेवलेला. दोनची ओळ छापता छापता नेमका तीनचा इंटरप्ट आला, की त्या वाटीत तीन नंबर उरायचा आणि दोनच्या ओळीत तीनचं टेंपरेचर छापलं जायचं. दिवसातून एखाद्या वेळी.

हे कळलं पंधरा दिवसांनी, तसाच दुसरा कागद हाती आला तेव्हा. मग मी पहिला कागद शोधून काढला. त्यावर बोटभर खाली तीनची ओळ होती. शहाण्णव.  बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, कुठे आहे ते म्हात्रेंनी मला तोंडावर सांगितलं होतं, आणि मी एक ओळ खाली बघायची तसदी घेतली नव्हती.

दुरुस्ती दोन ओळींची. बॉसना सांगितलं. ते म्हणाले, “झालं ना दुरुस्त? मग बोंब कशाला मारतेस? नवीन व्हर्जन म्हणून देऊन टाक.”

मी दिलं. देवल साहेब “वा!” म्हणाले, आणि मी ती वाहवा घेतली. पुढे तीन आठवडे गप्प. नोकरीची भीती होतीच. पण त्याहून जास्त, हुशार म्हणवून घ्यायची चटक लागली होती.

एकदा मी प्लांटवर असताना म्हात्रे रजिस्टर घेऊन आले. त्यांनी रिॲक्टरच्या डायलकडे बघितलंही नाही. माझ्या स्क्रीनवरचे आकडे उतरवले आणि निघाले.

“म्हात्रे, डायल नाही बघितलात?”

“वाद कशाला मॅडम? तुमचा कॉम्प्युटर छापतो, त्योच लिवतो आता.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच उठले, देवल साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “अहो, तीन आठवड्यांपूर्वी बोलायचंत ना! यादी वर गेली. आता पुढच्या वर्षी.”

मग म्हात्रेंना सांगितलं. माफी मागितली. त्यांनी जाऊन रजिस्टर आणलं, ते पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

“तुमी लिवा. खोडायला तुमीच लावलात.”

मी शहाण्णव खोडून अठ्ठ्याहत्तर लिहिलं. खाली सही केली. त्यांच्या सहीहून माझी वेडीवाकडी आली.

म्हात्रे पर्मनंट झाले, एक वर्ष उशिरा. पुढे मी कितीतरी नव्या मुलामुलींना इनलाइन असेंब्ली शिकवली. पहिल्याच दिवशी सांगायचे, वापरलेलं रजिस्टर होतं तसं परत ठेवा, दोन ओळींचं काम आहे. दुसऱ्या, म्हात्रेंच्या रजिस्टरातलं निस्तरायला वर्ष लागलं, ते मात्र कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.