गयाबाईच्या म्हशीचा कान

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज फळ्यावर पाककृती नाही.

आपल्या गयाबाईने सोनपेठच्या बाजारातून सरकारी अनुदानावर घेतलेली म्हैस परवा मेली. विमा मिळाला तरच दुसरी म्हैस मिळणार. त्यासाठी मेलेल्या म्हशीचा कान, त्यात टोचलेल्या विम्याच्या बिल्ल्यासकट, कापून आणायचा, असा नियम. आज सकाळी मी तिच्याबरोबर विम्याच्या कचेरीत गेले. तिने पदराच्या गाठीतून नुसता बिल्ला काढला.

"कान कुठाय?" कारकुनाने विचारले.

"तिच्यासंगं पुरला, साहेब. चार वर्सं त्या कानात बोलले मी. कापवला न्हाई."

"मग दुसरी म्हैस इसरा, मावशी."

मी त्याच्यापुढचा नियमांचा इंग्रजी कागद ओढला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी छडी मारून शिकवलेले इंग्रजी निवृत्तीनंतर कामी आले. दुसऱ्याच ओळीत होते: किंवा डॉक्टरांनी मेलेले जनावर पाहून दाखला द्यावा. या गृहस्थांनी पहिल्या ओळीपुढे वाचलेच नव्हते.

दुपारी गुरांच्या डॉक्टरांनी बांधावरचा खड्डा उकरायला लावला, कानातले बिल्ल्याचे भोक पाहिले आणि दाखला लिहिला. माती परत लोटण्याआधी गयाबाई त्या कानाशी वाकून म्हणाली, "नीज आता. न्हाई उठवत कुणी."

नियम जिवंत म्हैस विकून नुसता बिल्ला दाखवणाऱ्या लबाडांसाठी केला, हे कबूल. पण तुमच्या ओळखीत दुसरी ओळ कुणी वाचून न दाखवल्याने रडत रडत जनावराचा कान कापावा लागलेली कोणी असेल, तर तिचे नाव खाली खडूने लिहा.