अख्ख्या गावाचा श्वास अठरा

डॉ. विमल ताकसांडे मॅडमची आणि माझी ओळख स्टीलच्या ताटलीमुळे झाली. वैद्यकीय महाविद्यालयातला पहिलाच आठवडा होता. मॅडम वर्गात आल्या त्या थंड पाण्यातून काढून पुसलेल्या चार ताटल्या घेऊन. "नाकाखाली धरा आणि श्वास सोडा. काय दिसतं?" वाफेचे दोन ठसे दिसले, एक मोठा, एक लहान. "नाकपुड्या दोन्ही तुमच्याच ना? मग एक ठसा लहान काऊन?" मॅडमच्या नीटस प्रमाण मराठीत हा त्यांच्या गावाकडचा, तळेगावचा 'काऊन' म्हणजे 'का' मध्येच यायचा. तो आला की समजायचं, आता सुटका नाही. उत्तर त्यांनी दिलंच नाही, दर तासाला ताटली धरून पाहायला सांगितलं. संध्याकाळी माझा मोठा ठसा डावीकडून उजवीकडे गेला आणि मी वसतिगृहात चक्क ओरडले. नाकपुड्या आळीपाळीने विश्रांती घेतात म्हणे! इतकी वर्षं नाक घेऊन फिरत होते, पत्ताच नव्हता.

आधी पाहायचं आणि मग पुस्तक उघडायचं, ही मॅडमची रीत. एकदा त्यांनी बोकडाची फुप्फुसं आणली आणि श्वासनलिकेत सायकलचा पंप लावून फुगवली. आमच्यातल्या शाकाहारी मुली ओढणी नाकाला लावून, पण डोळे फाडून बघत होत्या. मग फुप्फुसाचा एक तुकडा बादलीत टाकला, तो तरंगला. काळजाचा टाकला, तो बुडाला. आपण कितीही जोर लावून श्वास सोडला तरी आत थोडी हवा उरतेच, हे मला त्या बादलीने शिकवलं.

मॅडम प्रेमळ होत्या, पण त्यांचं प्रेमही चौकस. वसतिगृहात कुणी आजारी पडलं की बोरगाव मेघेच्या आपल्या घरून डबा घेऊन हजर व्हायच्या, आणि आपण जेवत असताना विचारायच्या, "खोकला कोरडा की ओला? रात्री जास्त की सकाळी?" घास घशातच अडकायचा.

आता जे सांगायचं आहे, ते त्यात असलेल्या दोघींखेरीज आजवर कुणाला ठाऊक नाही.

सेलूजवळच्या एका गावात मॅडमनी आमचं तपासणी शिबिर नेलं होतं. माझ्याकडे नाडी आणि श्वास मोजायचं काम होतं. नाडी मी मोजली. पण श्वास मोजायला पूर्ण मिनिट लागतं, आणि माणसाला कळलं की तो वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून मनगट नाडीसाठी धरल्यासारखं करून छातीकडे बघत गुपचूप मोजायचं, असं मॅडमनी शिकवलं होतं. रांग मोठी होती. मी सरळ सगळ्यांपुढे 'अठरा' लिहीत गेले. हा आकडा कुणाला खटकत नाही, हे वरच्या वर्गातल्या मुलींकडून आम्ही केव्हाच शिकलो होतो.

मॅडमनी कागद पाहिला. "अख्खं गाव एका तालावर श्वास घेतं का हो?" एवढंच म्हणाल्या, आणि तपासून झाल्यावर ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या अंजनाबाईंकडे मला घेऊन गेल्या. "मले काई नाई झालं माय, जराशी थकली," अंजनाबाई म्हणाल्या. ताप नव्हता. मी मनगट धरलं आणि या वेळी खरंच मोजलं. छत्तीस! प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, आणि मी मघाशी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. मॅडमनी शिबिराची गाडी लगेच दवाखान्याकडे वळवली. न्यूमोनिया निघाला. म्हाताऱ्या माणसांना त्यात कधी कधी तापही येत नाही. आणखी एक दिवस गेला असता तर त्या वाचल्या नसत्या, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मी मॅडमकडे गेले आणि रडतच म्हणाले, "मला डॉक्टर व्हायचं नाही. मी घरी जाते."

"जा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण आधी त्यांना सांगून जा."

मी अंजनाबाईंच्या खाटेपाशी गेले. श्वास न मोजताच आकडा लिहिला होता, हे त्यांना सांगितलं. त्यांनी मनगट पुढे केलं. "मंग आता मोज ना. मी काई पळून राह्यली का?"

बावीस आले. मी बावीस लिहिले.

बाहेर मॅडम उभ्या होत्या. "सकाळच्या पहिल्या बसनं निघू," म्हणाल्या. "बाकीच्यांचे मोजायचे राहिलेत." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी घरोघर फिरलो. कुणाचे चौदा, कुणाचे वीस. आणखी कुणी आजारी निघालं नाही. अठरा सबंध गावात एकाच माणसाचे निघाले, तेव्हा मॅडमना इतकं हसू फुटलं की त्या ओसरीवरच बसल्या.

मॅडम, माझी ती चूक आपण कुणाजवळ बोलला नाहीत. मी आज छातीच्या रोगांची डॉक्टर आहे, ते आपण मला तेव्हा पळू दिलं नाहीत म्हणून. आपल्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात मी ती चूक माझ्या नावानिशी छापते आहे, रागावू नका. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, जिने चढताना दम न लागो, आणि आमच्यासारख्यांना ओट्यापर्यंत हाताला धरून नेण्याचं बळ कायम राहो. त्या दिवशी आपण माझ्या 'अठरा'वर नुसती सही करून पुढे गेला असतात, तर कुणालाही काही कळलं नसतं. मलासुद्धा.