मणावरचे पाच शेर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या शंकरला तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असं समजून लिहितो आहे — तोंडानं जमलं नसतं.

आधी एक कबूल करतो, मी सुखात आहे. बारामतीला कालव्याखाली चार एकर बागायत आहे, वांगी-टोमॅटो चांगली येतात, दोन्ही मुली चांगल्या घरी पडल्या. बाजारात माझ्याच ढिगाशी गर्दी का असते? काटा बरोबर झाला तरी मी थांबत नाही, वर आणखी घालतो. वडिलांचीच रीत ती. त्यांच्या वेळी मणभर माळवं, म्हणजे भाजीपाला, मोजलं की वर पाच शेर पडल्याशिवाय पोतं शिवायचे नाहीत. नुसतं बरोबर वजन देणारा आमच्यात चिकट ठरतो.

तर ही त्या सवयीची गोष्ट आहे. नाही — सवयीची कुठली? सवयीनंतर मी काय केलं, त्याची.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. उत्तरेकडं डोंगरातल्या हवाई दलाच्या एका तळावर मी कोठारात होतो, आणि शंकर हेलिकॉप्टरांच्या इंजिनावर. तो इंदापूरकडचा, मेंढरं विकून शेतीला लागलेलं घर. म्हणायचा, "मेंढरू खोकलं की कळतं न्हवं, काय दुखतंय? इंजिनाचं तसंच हाय, नाना."

आमची हेलिकॉप्टरं उन्हाळ्यात उंचावर हतबल व्हायची. वर हवा विरळ, त्यात ऊन — इंजिनाला दमच पुरत नसे. वरच्या ठाण्यांवरच्या जवानांना शिधा पोचवताना निम्मा खालीच ठेवावा लागे. मग जास्त ताकदीची नवी इंजिनं आली. पहिलं बसवायचं काम शंकरकडं आलं. महिनाभर तो त्याच्यापाशीच जेवला. मला म्हणाला, "तुझी पोती आता उचलतो बघ. किती बी भर."

तो थट्टेत म्हणाला होता. पण मला नेमकं सांगितलेलं होतं — बारा पोती, प्रत्येकी एक मण, शेरभरही जास्त नको. मी बारा पोती मोजली. आणि प्रत्येकावर पाच शेर पीठ घातलं. वर आपली माणसं थंडीत बसली आहेत, त्यांना काय कोरडं माप द्यायचं? हात आपोआप गेला, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. एकदा गेला असेल. बारा वेळा?

बारा पंचे साठ शेर. एक धडधाकट माणूस त्यात जादा बसवल्यासारखं झालं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

भर दुपारी, वरच्या ठाण्यावर उतरताना हेलिकॉप्टर शेवटच्या क्षणी खाली बसलं. चाक मोडलं. कुणाला लागलं नाही — हे माझं नशीब, माझी पुण्याई नव्हे. चौकशी झाली. इंजिन खोलून पाहिलं, दोष सापडेना. पण दोष नाही तर ताकद गेली कुठं? बसवण्यातच काहीतरी राहिलं असणार, असं ठरलं. पोत्यांचं वजन पुन्हा कोण करणार? पीठ तर वर खाऊनही झालं होतं.

मला विचारलं, वजन बरोबर होतं ना? मी म्हणालो, होय साहेब.

एवढंच. एका शब्दाचं काम होतं ते. शंकर बाजूलाच उभा होता. त्याला इंजिनावरून काढून रंगकामाला लावलं. त्या संध्याकाळी मला म्हणाला, "माझ्याच हातनं कुठंतरी चुकलं असंल. पर कुठं, ते ध्यानात येत न्हाय." मी त्याला चहा पाजला. चहा पाजला — दुसरं काय केलं मी?

पुढं आम्ही दोघंही गावी परतलो. मैत्री टिकली, खरं तर वाढली. दर सुगीला तो हुरडा घेऊन येतो, मी माळवं बांधून देतो. वर घालून.

गेल्या महिन्यात त्याच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं. मी गेलो, तर पाना खाली पडलेला आणि हा हात मागं बांधून उभा. त्यानं पुन्हा कधी इंजिन उघडलं नाही, हे मला ठाऊक होतं. दर वेळी मिस्त्री येतो. म्हणाला, "तूच बघ की नाना. माझ्या हाताला यश न्हाय."

मला इंजिनातलं काय कळतं? मी हँडल फिरवलं. तो चार हात लांबून ऐकत होता. "डिझेल नळीत हवा धरलीय," म्हणाला. "तो वरचा नट ढिला कर. आता आवळ. फिरव." दहा मिनिटांत इंजिन धडधडू लागलं, पाटाला पाणी आलं. शंकर खूष होऊन सुनेला म्हणाला, "बघितलंस? नानाचा हात लागला की चालू."

मी हसलो. हात धुतले, जेवलो, आणि घरी आलो.

हे कागद मी शंकरच्या घरी पाठवतो आहे; ती सून त्याला हे वाचून दाखवील. शंकर, तुझं इंजिन बरोबर होतं. पोती जड होती. मी भरली होती, आणि मला विचारलं होतं.