नावं ठेवून घेतलेला रंधा

जुना रंधा घेताना मी आधी त्याचं पातं बाहेर काढतो. विकणारा बोलत असतो, त्याला बोलू द्यायचं. पात्याच्या धारेकडे पोलाद असतं आणि वर साधं लोखंड. पोलाद किती उरलंय त्यावर पात्याचं उरलेलं आयुष्य कळतं. मग तळाला पट्टी लावून रंधा उजेडाकडे धरायचा. पट्टीखालून उजेड आला की तळ पोकळ झालाय. शेवटी लाकडाला चीर गेली आहे का ते नखाने तपासायचं. चिरेत सरस आणि भुसा भरून वर पॉलिश मारणारा एक जण मला सांगलीच्या बाजारात भेटला होता. त्याच्याशी प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं होतं.

हे सगळं करताना तोंड वाकडं ठेवायचं. जी वस्तू हवी आहे तिला नावं ठेवायची, नको असेल तिची तारीफ करायची. उंब्रजला हायवेलगत माझं जे वर्कशॉप उभं आहे, ते लाकडापेक्षा या विद्येवर जास्त उभं आहे. बापाची जमीन नव्हती, दुकान नव्हतं. तोंड होतं.

मशीनचे रंधे माझ्याकडे आहेत. तरी जुन्या सागवानी दाराची कड मारायला हाताचाच रंधा लागतो, आणि नव्या रंध्यांची पाती मला पसंत पडत नाहीत. म्हणून जुने धुंडाळत होतो. अशात कळलं की कुंडलच्या मिस्त्रींची हत्यारं त्यांची बायको, आमच्या काकी, विकून टाकतायत. मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा फौजेत, त्याला लाकडाशी देणंघेणं नाही.

या मिस्त्रींच्या हाताखाली मी काम शिकलो. त्यांच्या घरी जेवलो, पडवीत झोपलो. त्यांचा शिसवी रंधा मात्र त्यांनी मला कधी वापरू दिला नाही. तेही सोडा. कराडला एका बंगल्याची दारं आम्ही केली होती. पुढचं मोठं दार एकट्या माझ्या हातचं. मालकाने दारावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मिस्त्री सगळ्या गड्यांसमोर म्हणाले, "ह्या पोरानं. पर हात लय जड हाय त्याचा. माझी नजर होती म्हणून जमलं." गडी हसले. महिना भरताच मी पिशवी उचलली. पुढे रस्त्यात गाठ पडली तर नमस्कार घालायचो, तेवढंच. त्यांच्या दहाव्याला गेलो आणि न बोलता परतलो. ते वाक्य मात्र मी विसरलो नाही. पुढे मिळालेल्या प्रत्येक कामाच्या वेळी ते आठवत होतो.

तेव्हा कुंडलला निघालो तो रंध्यासाठी निघालो, हे अर्धंच खरं. जो हातात धरू दिला नाही, तो विकत घ्यायचा होता. आणि पडेल भावात.

काकींनी सोप्यात पोतं अंथरून हत्यारं मांडली होती. पटाश्या, करवती, मोगरी आणि कडेला तो रंधा.

"वाळलास रं," काकी म्हणाल्या. "मोठा शेट झालास म्हणं."

"कसला शेट, काकी. पोटापुरतं चाललंय."

मी आधी दोन पटाश्या उचलून त्यांची तारीफ केली. मग सहज उचलल्यासारखा रंधा घेतला. पातं काढलं. पोलाद भरपूर शिल्लक होतं. तळाला पट्टी लावली तर उजेडाची रेघसुद्धा नाही. तळाला जिथून पातं बाहेर येतं, त्या तोंडापुढे मिस्त्रींनी शिसवीचा एक तुकडा बसवून फट बारीक करून घेतली होती. त्याचा सांधा बोटाला लागत नव्हता. इतका नीट रंधा मी कुठल्याच बाजारात पाहिला नव्हता.

"काय द्यायचं ह्याचं?"

काकींनी आकडा सांगितला. वाजवी होता. मी हसलो.

"आवं काकी, तळ गेलाय ह्याचा. पातं संपत आलंय. हितं बघा, ठिगळ मारलंय. म्हाताऱ्या बैलाला कोण बाजारभाव देतंय?"

मला वाटलं, आता त्या थोडं खाली येतील, मी थोडा वर जाईन. काकींनी रंधा माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि पाठीमागे भिंतीशी नेऊन ठेवला.

"मग ऱ्हाऊ दे. इकत न्हाई."

"का?"

"तू त्यांच्याच हाताखाली शिकलास. तू म्हंतोस म्हंजी खराबच आसंल. खराब माल इकून त्यांच्या नावाला बट्टा कशाला? पाणी तापवायला हुईल."

मी भाव वाढवला. सांगितलेल्या आकड्याच्याही वर गेलो. माझ्या उभ्या आयुष्यात असं घडलेलं नाही. काकी म्हणाल्या, "खराब हाय तर जास्त कशाला देतोस? येड लागलं का काय?"

माझा आवाज चढला. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. काकी भाजी निवडायला बसल्या. चूल आतच होती आणि ती बाई करून दाखवणारी आहे, हे मला ठाऊक होतं.

शेवटी मी अंगणातून सागाची एक फळी आणली. रंधा उचलला, पातं बसवलं, पाचर ठोकली आणि फळीवर एक लांब हात मारला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा सलग पट्टा निघाला. तो काकींच्या ताटाशेजारी ठेवला.

"खोटं बोललो. ह्याच्यासारखा रंधा न्हाई. तळ आरशागत हाय. ते ठिगळ मला आजबी जमणार न्हाई."

काकींनी पट्टा उचलून उजेडात धरला. "आसं आधी सांगायला काय झालं हुतं?"

"भाव वाढतो."

त्या हसल्या. "त्येबी आसंच म्हनायचे. त्यो कराडचा बंगलेवाला तुला न्यायला टपला हुता. घरी आल्यावर म्हनले, पोराची तारीफ केली तर उद्याच उचलून न्हेतंय, म्हणून नावं ठेवून आलो."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. माझं डोकं तापलं.

"मग मला घरात तरी सांगायचं. चार भिंतीत कोण न्हेणार हुतं?"

"तुला सांगितलं आसतं तर पगार वाढवून मागितला आसतास."

मागितलाच असता, त्याच रात्री. काकींनी पहिल्यांदा सांगितलेली रक्कम मी त्यांच्या हातात दिली. वर दिलेली नोट त्यांनी परत केली. रंधा आता माझ्या टेबलावर असतो. मी स्वतःच वापरतो.

पण अजून कधी कड मारताना मनात येतं, मी पगार मागितला असता तर त्यांना नाही म्हणता आलंच असतं की. मी थोडी ओरड केली असती आणि राहिलो असतो. सांगायला काय जात होतं?