फुगा लावलेली बरणी

दोन लेकरं पदरात असताना मी एम. एस्सी.ला नाव घातलं आणि विषय निवडला मोहफुलांपासून जळण. दरसाल पुन्हा येणाऱ्या गोष्टींतून इंधन काढायचं, म्हणजे जंगलही टिकेल आणि चूलही पेटेल, असं मी भेटेल त्याला ऐकवायची. माणसं संपली की गोठ्यातल्या बैलांना. आता नातवंडं मला काही समजावायला लागली की त्या बैलांची दया येते.

अडचण एकच होती. सासर गडचिरोली जिल्ह्यात, तिथं दारूबंदी, आणि सासूबाई गावातल्या दारू पकडणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली फुलं, त्यांना तीन घरं पलीकडून वासावर कळायचा. आणि ही शहाणी सून तोच सडवा त्यांच्याच स्वयंपाकघरात, तांदळाच्या कोठीमागे लावून बसली. का, तर चंद्रपूरच्या कॉलेजात नेईपर्यंत ताजी फुलं उन्हानं बसमध्येच आंबायला लागायची, आणि मला आंबण्याची सुरुवातच बघायची होती. वायू किती निघतो ते दिसावं म्हणून बरणीच्या तोंडाला पोराचा लाल फुगा बांधला. वासही फुग्यातच अडकेल, असा माझा शास्त्रीय समज.

दुसऱ्या दिवशी कोठीमागून फुगा डोकं वर काढून उभा.

"हे काय फुगून राह्यलं वो?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रयोग आहे, आत्याबाई."

त्यांनी फुगा बोटानं दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग बरणीजवळ नाक नेलं. "मोहाचा सडवा. माझ्या घरी. अन् संध्याकाळी बायका बैठकीले येऊन राह्यल्या."

फुलं पडायचे दिवस सरत आले होते. बरणी फुटली असती तर माझं वर्ष गेलं असतं. लपवलेली सापडली असती तर त्यांची गावातली पत गेली असती. मी बरणीसमोर हात पसरून उभी राहिले.

"बाजूले हो," त्या म्हणाल्या. "फोडत नाई. पण लपवतबी नाई."

संध्याकाळी त्यांनी बरणी बैठकीच्या मधोमध ठेवली. "सून म्हणते, हे पेटते. पाहू."

आधी अर्क उतरवायचा, मग ज्योत, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण इतक्या बायका बघताहेत म्हटल्यावर पुस्तक कुठलं आठवतं? वात बुडवली, काडी ओढली. वात चुरचुरली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"याच्यानं चूल नाई पेटत काकू," एक जण म्हणाली, "नवराच पेटते."

सगळ्या हसल्या. सासूबाईसुद्धा.

हसू ओसरल्यावर त्यांनी निकाल दिला. बरणी उद्या पहिल्या बसनं नदीपलीकडे, चंद्रपूरला जाईल. तिकडं तेव्हा बंदी नव्हती आणि कॉलेजला अशा कामाची परवानगी होती. "मी संग येतो. पेटलं तं प्रयोग. नाई पेटलं तं दारू, मंग तिथीच सांडून टाकतो."

बसमध्ये बरणी त्यांच्या मांडीवर, फुगा पदराखाली. वाटेतलं सावली गाव येईपर्यंत वास गाडीभर झाला.

"बाई, सकाळीच कोणी टाकून आला वाटते," ओळखीचा कंडक्टर म्हणाला.

"असू दे, मी पाहून घेतो," त्या म्हणाल्या आणि मागच्या सीटवरच्या एका गरीब माणसाकडे रोखून पाहिलं.

दुपारी प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून थेंब थेंब अर्क उतरला. माझ्या सरांनी तो दिव्यात ओतून काडी लावली. खिडकीतल्या उन्हात ज्योत दिसेचना. सासूबाईंनी दिव्यावर हात धरला आणि झटकन मागे घेतला.

"पेटलं," त्या म्हणाल्या. "चहा ठेव."

सरांनी आपला स्टीलचा पेला दिला. पाणी कोमट झालं, तळाशी बुडबुडे जमले आणि दिवा विझला. त्या पेल्यात बोट बुडवून सासूबाई म्हणाल्या, "टोपलीभर फुलं, अन् एवढंच? त्यापरीस बैलाले घातली असती."

परतीच्या बसमध्ये मात्र त्या गप्प बसल्या नाहीत. "कमी काऊन जळलं? फुलं ओली होती म्हून?"

"माहीत नाही," मी म्हणाले. बैलांना हे उत्तर मी कधीच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उठले तर दाराशी दोन टोपल्या. एकीत ओल्या फडक्याखाली पहाटेची ताजी फुलं, दुसरीत वाळलेली. सासूबाई चपला घालून तयार.

"चाल लवकर. घरी लावायचं नाई, सांगून ठेवतो. पण कोणत्यानं पाणी उकळते, ते पाहू."