उभी गाडी ऑइल पीत नाही

मनोहरभाऊजी गेले ते भर दुपारी. निरोप घेऊन कोणी आलं नाही. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तिच्यापलीकडून माझ्या जावेचा, सिंधूचा आवाज आला आणि मी परातीतलं पीठ तसंच टाकून धावले. आमचे हे कोर्टात कामावर होते. त्यांना बोलावून आणलं. ते आले, धाकट्या भावाच्या उशाशी बसले आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. लोकांना त्याचं नवल वाटलं नाही. हे दोघे भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. शेवटच्या आठवड्यात घरात काय झालं ते मात्र गल्लीला ठाऊक नाही, म्हणून आज लिहायला बसले. लिहायची मला सवय नाही. बोलायची भरपूर आहे, तीच कामाला येते का पाहते.

माझं माहेर जळगाव जामोदचं, म्हणजे घाटाखालचं. तिकडे जमीन ताटासारखी सपाट. इथे बुलढाण्यात उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की चढ, नाहीतर उतार. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी रिकामी घागर दाराशी ठेवली आणि ती गडगडत गल्लीच्या टोकाला गेली. तिच्यामागे धावणारी नवी नवरी पाहून भाऊजी जे हसले, ते पुढे कितीतरी वर्षं आठवण काढून हसायचे. "वहिनी, घाटावर वस्तू ठेवाची तं आधी तिले इचारा लागते," म्हणायचे. आमच्या सबंध गल्लीत सपाट जागा अशी एकच, आमच्या दारापुढची. सासऱ्यांनी तिथे फरशी घालून घेतली होती, आणि परातीत पाणी ठेवून ती चहूबाजूंनी तपासली होती. घरं वेगळी झाली तेव्हा फरशी आमच्या वाट्याला आली आणि वरच्या अंगाचं घर भाऊजींच्या.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी भाऊजींनी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याची जुनी विलायती गाडी घेतली. बुटकी, लांब नाकाची. निम्मी गाडी म्हणजे नुसतं इंजिनच. ते शर्यतीच्या गाडीचं आहे असं ते सांगायचे, आणि एकदा तिच्यात बसल्यावर मला ते पटलं. बुलढाण्याला रेल्वे नाही. मेल गाठायची तर राजूर घाट उतरून मलकापूरला जायचं. एसटी चुकली, गाडीची वेळ होत आली की लोक पिशव्या घेऊन भाऊजींच्या दारात उभे. आणि भाऊजी त्यांना वेळेत पोचवायचे. घाटातल्या वळणांवर मागे बसलेले डोळेच मिटून घेत. मी तर पुढच्या सीटला धरून सगळे देव आठवले होते.

पण त्या गाडीला खोड होती. ती ऑइल प्यायची. पेट्रोल तर सगळ्याच गाड्यांना लागतं, हिला इंजिनात घालायचं ऑइलही सारखं लागायचं. घाट उतरताना ती ऑइल वर ओढते आणि खाली गेल्यावर जोर दिला की निळा धूर सोडते, असं भाऊजी मला समजावून सांगत, जणू मला उद्या ती चालवायची होती. जोरात पळणारं इंजिन थोडं ऑइल खाणारच, त्याचं त्यांना काही वाटत नसे. रोज बघायचं आणि लागेल तेवढं घालायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. पेट्रोल संपलं तर गाडी थांबते, ऑइल संपलं तर मरते... हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं, की भाजी करपली तरी मला तेच आठवायचं.

ते बघायची रीत ठरलेली. इंजिन बंद करायचं, वर चढलेलं ऑइल खाली येईस्तोवर थांबायचं. मग एक लांब पोलादी पट्टी ओढून काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि परत काढायची. तिच्यावर दोन खुणा. त्या दोहोंच्या मध्ये ऑइल दिसलं की ठीक. जास्तीही घालायचं नाही, त्यानेही इंजिन बिघडतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाडी सपाट जागेवर पाहिजे. नाक उताराकडे असलं की ऑइल पुढे येतं आणि कमी असूनही पट्टी भरलेली दिसते. म्हणून रोज सकाळी भाऊजी गाडी आमच्या फरशीवर आणत. ऑइल उतरेपर्यंत दोघे भाऊ चहा पीत. हे पेपर वाचत, भाऊजी पेपरमधल्या पुढाऱ्यांची टिंगल करत, आणि हे रागावल्यासारखं करून हसत.

मग कुसुमला, माझ्या नणंदेला, बघायला पाहुणे यायचं ठरलं. ते मलकापूरला उतरणार, तिथून भाऊजींनी गाडीने आणायचं. आदल्या दिवशी ह्यांनी फरशी धुऊन घेतली, वर कापड ताणलं, मागून आणलेल्या सतरंज्या अंथरल्या. सकाळी भाऊजी गाडी घेऊन दारात आले, तर हे म्हणाले, आज इथे नको, तेलाचे डाग पडतील. भाऊजींनी एकदा फरशीकडे पाहिलं आणि गाडी मागे नेली. आपल्या दारातल्या उतारावरच त्यांनी पट्टी काढली. ती भरलेली दिसली. वेळ होत आली होती, ते गेले.

परत येताना घाट चढता चढता इंजिन ठणठण वाजलं आणि जाम झालं. आत ऑइल उरलंच नव्हतं. पाहुणे ऐन उन्हात दरडीच्या कडेला बसले, आणि शेवटी एसटीत उभ्याने बुलढाण्याला आले. त्यांच्यामागून भाऊजी आले, हात काळे, सदरा काळा. ह्यांनी आल्या पाहुण्यांसमोर त्यांना म्हटलं, "याले गाडी पळवता येते, सांभाळता येत नाही."  भाऊजी सतरंजीवर पाय न ठेवता कडेकडेने गेले आणि आपल्या घरात शिरले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

गंमत अशी की ती सोयरीक जमली. मुलाला म्हणे घाटातली ती फजिती फार आवडली. कुसुम तिकडे सुखाने संसार करून राहिली आहे, आणि इकडे तिचे दोन भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना तोंडं फुगवून बसले. मी दोघांनाही सांगून पाहिलं. ह्यांना म्हटलं, तुम्ही मोठे, तुम्ही बोला. तर म्हणे, तो बोलला तर मी बोलीन. भाऊजींना म्हटलं तर ते गाडीचं काहीतरी सांगायला लागत. एकाच रक्ताचे, एकाच हट्टाचे!

अकोल्याहून इंजिन दुरुस्त होऊन यायला काही महिने गेले. ते आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडते तो काय, गाडी आमच्या फरशीवर! ना विचारणं, ना सांगणं. भाऊजी नाकाडाचं झाकण उघडून शेजारी उभे. मला वाटलं, आता उभं भांडण पेटणार. पण ह्यांनी खिडकीतून पाहिलं आणि पेपर तोंडापुढे धरला. ऑइल खाली उतरेपर्यंत भाऊजी बाहेर उभे राहिले, हे आत बसून राहिले. मग पट्टी निघाली, पुसली, आत गेली, परत निघाली. गाडी गेली. त्यानंतर ते रोजचंच झालं.

सहा वर्षं! त्या वेळेला फरशीवर माझं वाळवण असलं की हे आतून म्हणायचे, "तिकडलं ऊन चांगलं हाये, तिकडं घे." ऊन कसलं चांगलं, तिकडे सावली असायची. दिवाळीत मी रांगोळी काढायला बसले तर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, चाकाची जागा सोड. मी म्हटलं, एवढं कळतं तर चहाला हाक मारा ना. तर आत निघून गेले. मी मात्र रोज भाऊजींना बाहेर नेऊन चहा द्यायचे. ते पीत, आणि बशी परत देताना हळूच विचारत, "दादाचा खोकला कमी हाये काय?" मी आत आले की हे विचारत, "काय म्हनत होता?" माझ्यासारखा पोस्टमन सगळ्या जिल्ह्यात नसेल.

यंदा भाऊजींना छातीचं दुखणं झालं. डॉक्टरांनी अंथरुणातून हलायचं नाही असं बजावलं. पहिल्या सकाळी फरशी रिकामी राहिली. ह्यांनी पेपर धरला होता, पण पान उलटत नव्हतं. थोड्या वेळाने उठले, पायात वहाणा घातल्या आणि सरळ सिंधूकडे गेले. म्हणाले, गाडी खाली घ्यायची आहे. ह्यांनी जन्मात गाडी चालवलेली नाही. ब्रेक कुठे असतो ते सिंधूने दाखवलं. मग हे चाक धरून आत, मी आणि सिंधू मागून, शेजारचा एकजण पुढून अडवायला. अशी ती गाडी घसरत, वाकडीतिकडी, फरशीवर येऊन थांबली. मी घामाघूम. हे उतरले आणि भाऊजी थांबत तेवढंच थांबले. मग झाकण उघडलं, पट्टी ओढून काढली, आणि ती दोन्ही हातांवर आडवी धरून, ऑइल टपकत असताना, भावाच्या घरात गेले.

मी मागोमाग गेले. भाऊजी उशीला टेकून होते. ह्यांनी पट्टी त्यांच्यापुढे धरली. भाऊजींनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे.

"पुसून परत घातली होती काय तू?"

"नाही."

"मंग खोटं दाखवून राह्यली ते. जाय, पुसून घाल, मंग आन."

ज्या माणसाने घरात कधी कोणाचं ऐकलं नाही, तो मुकाट्याने बाहेर गेला. पुसली, घातली, काढली, परत आणली. भाऊजींनी पट्टी उजेडाकडे धरून नीट पाहिली आणि म्हणाले, बरोबर आहे. मग म्हणाले, बस. हे खाटेच्या कडेला बसले. सिंधूने पदर तोंडाला लावला आणि मला हाताला धरून बाहेर आणलं.

मग रोज तेच. रोज सकाळी हे पट्टी घेऊन जात आणि रोज भाऊजी ती डोळ्यांपुढे धरून बघत. ऑइल जिथल्या तिथे. उभी गाडी ऑइल पीत नाही, हे मला कळत होतं, तर त्या दोघांना कळत नसेल काय? पण कोणी बोललं नाही. हे तिथे बसून राहत. खोकल्याचं बोलत, कुसुमच्या पत्राचं बोलत. घाटातल्या त्या दिवसाबद्दल दोघांपैकी एकानेही शब्द काढला नाही. मी वाट पाहत होते. वाटायचं, आज काढतील, उद्या काढतील... आणि त्याच आठवड्यात भाऊजी गेले. मला त्याचा राग आला, खोटं कशाला सांगू. जाणाऱ्याचा नाही, राहिलेल्याचा. एवढे दिवस मिळाले होते, एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

तेरवी झाली. सिंधूने गाडी विकायचं ठरवलं, ती तरी तिचं काय करणार. आमच्याच गल्लीत, खालच्या टोकाला खोली घेऊन राहणारा धाड गावचा एक तरुण ड्रायव्हर आहे, तो बघायला आला. हे त्याच्याजवळ उभे राहिले. त्याने विचारलं, ऑइल पिते काय. हे म्हणाले, हो, पिते, घाटात जास्त पिते, रोज बघावं लागेल, सपाट जागी. पोरगा हसून म्हणाला, आपल्या गल्लीत सपाट जागा आहे कुठे.

ह्यांनी एकदा फरशीकडे पाहिलं. मी दारात होते. मग म्हणाले, "इथं आनत जाय. फरशीवर काही बी असू दे, सतरंजी असू दे, पाहुने असू दे. मले आवाज दे, मी उचलतो. पन उतारावर पाहू नको."

पोरगा म्हणाला, "हाव, काकाजी." त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि कशाला वाटावं. मी आत गेले आणि दाराआड बसून रडले. भाऊजी गेले त्या दुपारीही मी एवढी रडले नव्हते.

आता रोज सकाळी गाडी येते. काल माझ्या पापड्या वाळत होत्या. गाडीचा आवाज वळणावर आला मात्र, हे पेपर टाकून बाहेर पळाले, पापड्यांचं कापड चारी कोपऱ्यांनी गोळा केलं, अर्ध्या पापड्या मोडल्या, आणि फरशीच्या मधोमध उभे राहून हात करत मोठ्याने म्हणाले, "आन, आन, जागा हाये."